कपड्यात बसलेला धूर

सिगारेट विझली की थोड्या वेळात खोलीतला धूर दिसेनासा होतो. खिडकी उघडली की तो बाहेर गेला, असे आपण समजतो. बराचसा जातोही. उरलेला मात्र पडद्यांवर, गाद्यांत, केसांत आणि अंगावरच्या कपड्यांत बसतो. ऑफिसखालच्या टपरीवर सहकाऱ्यांबरोबर चहा पिऊन आलेल्या माणसाने स्वतः एक झुरकाही घेतलेला नसतो, तरी रात्री शर्ट काढताना कॉलरला राखेचा शिळा दर्प येतो. हा वास घालवायचा कसा, हे घरोघरी विचारले जाते आणि उत्तरे एकमेकांना छेद देणारी मिळतात. कोणी व्हिनेगर सांगते, कोणी सोडा, कोणी कॉफीची पूड, कोणी नुसते ऊन. त्यातले काय खरे, काय निरुपयोगी आणि काय अपायकारक हे ठरवायचे, तर धुराबरोबर कपड्यात काय शिरते तिथून सुरुवात करावी लागते.

सिगारेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने आढळली आहेत आणि त्यांतली किमान ७० कर्करोगकारक आहेत. वासाच्या दृष्टीने त्यांतले तीन गट महत्त्वाचे. पहिला टार: एक मायक्रॉनपेक्षाही लहान, चिकट, तेलकट कण, जे धाग्याधाग्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. दुसरा फिनॉल वर्गातल्या पदार्थांचा, म्हणजे ग्वायाकॉल, क्रेसॉल वगैरे. हे लाकडाच्या धुरातही असतात. चुलीपुढे बसून उठलेल्या बाईच्या साडीला जो धुरकट वास येतो, त्यात त्यांचा मोठा वाटा. तिसरा गट नायट्रोजन असलेल्या अल्कधर्मी पदार्थांचा: निकोटीन, पिरिडीन, इथेनिलपिरिडीन. चुलीच्या धुरात निकोटीन नसते. सिगारेटच्या कपड्याला दुसऱ्या दिवशी येणारा तो उग्र, शिळा, ॲशट्रेसारखा वास मुख्यतः या तिसऱ्या गटाकडून येतो. म्हणून ताज्या धुराचा आणि शिळ्या धुराचा वास इतका वेगळा लागतो.

निकोटीनचा स्वभाव समजून घेतला की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. ते २४७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे पाण्यासारखे चटकन उडून जात नाही. पण अगदी स्थिरही राहत नाही. कपड्यातून ते थोडे थोडे हवेत येते आणि जवळच्या दुसऱ्या कपड्यावर बसते. एक धुरकट जॅकेट बंद कपाटात टांगले की आठवड्याभरात शेजारच्या स्वच्छ कपड्यांनाही वास लागतो, त्याचे कारण हेच. शिवाय दोन झुरक्यांच्या मधे सिगारेटच्या जळत्या टोकातून जो धूर निघतो, त्यात अमोनिया कितीतरी अधिक असतो. अशा अल्कधर्मी धुरातले निकोटीन बरेचसे मोकळ्या, वायुरूप अवस्थेत असते आणि ते कापडात सहज शिरते. शेजारी उभे राहणाऱ्याच्या शर्टावर येणारा धूर मुख्यत्वे हा असतो, ओढणाऱ्याच्या फुप्फुसातून बाहेर पडलेला नव्हे.

विडीचे वेगळे सांगायला हवे, कारण आपल्याकडे सिगारेटपेक्षा विडी ओढणारेच जास्त. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातले ७.७ टक्के प्रौढ विडी आणि ४ टक्के सिगारेट ओढत असल्याचे आढळले. विडीला फिल्टर नसतो, तंबाखूबरोबर तेंदूचे पानही जळते, आणि तिच्या धुरात निकोटीन काही कमी नसते. त्यामुळे सिगारेटच्या कपड्यांबद्दल इथे जे सांगितले आहे, ते विडीच्या कपड्यांनाही लागू पडते. घरोघरी मिळणारे सल्ले मात्र बहुधा एखाद्या ब्लेझरच्या मालकाला डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. रोज त्याच सदऱ्यात विडी ओढणाऱ्या आजोबांच्या मांडीवर नातू झोपतो, त्या सदऱ्याचा विचार त्यात नसतो.

आता कापड. प्रत्येक धाग्याची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वेगळी. नेहमीच्या दमट हवेत १०० ग्रॅम कोरडी लोकर सुमारे १६ ग्रॅम पाणी धरते, रेशीम ११, सुती कापड ८ आणि पॉलिएस्टर अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. जे धागे पाणी धरतात ते निकोटीनसारखे पाण्यात विरघळणारे पदार्थही धरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या प्रयोगशाळेने २०१४ मध्ये याचे मोजमाप प्रसिद्ध केले. टॉवेलचे सुती कापड आणि पॉलिएस्टरचे लवदार कापड धुरात ठेवून मग ते जुने होऊ दिले. १९ महिन्यांनंतरही त्यांत धुराची रसायने लक्षणीय प्रमाणात शिल्लक होती. तासभर पाण्यात ठेवल्यावर सुती कापडाने पॉलिएस्टरच्या सुमारे ४१ पट निकोटीन पाण्यात सोडले.

या आकड्याला दोन बाजू आहेत आणि दोन्ही आपल्या कामाच्या आहेत. सुती कपडा धूर भरपूर पितो, हे एक. पण पाण्यात घातला की तो बरेच काही सोडूनही देतो, हे दुसरे. म्हणून सुती शर्ट, कुर्ते, चादरी यांच्याबाबतीत निराश होण्याचे कारण नाही. पॉलिएस्टरमध्ये निकोटीन कमी शिरते, मात्र तेलकट, पाण्याशी न जुळणाऱ्या पदार्थांशी त्याचे चांगले जमते. त्यामुळे टार आणि घाम एकत्र झालेला टी-शर्ट नुसत्या पाण्याने सुटत नाही. त्याला चांगला साबण आणि कोमट पाणी लागते.

या सगळ्याकडे केवळ वासाची कटकट म्हणून पाहता येत नाही. कपड्यात, भिंतीत, फर्निचरवर राहिलेल्या या थराला थर्डहँड स्मोक म्हणतात. बोस्टनमधले बालरोगतज्ज्ञ जोनाथन विनिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या शोधनिबंधामुळे हे नाव सर्वतोमुखी झाले. पुढच्याच वर्षी लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने दाखवले, की पृष्ठभागावर बसलेल्या निकोटीनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी प्रक्रिया होऊन तंबाखूतली नायट्रोसामाइन्स तयार होतात. ही कर्करोगकारक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळातली रसायने. नायट्रस आम्ल येते कुठून? वाहनांच्या धुरातून आणि घरातल्या गॅसच्या ज्योतीतून. म्हणजे आपल्या कुठल्याही शहरी फ्लॅटमध्ये ते असणारच. कपड्यावरचा धूर शिळा होताना नुसता पडून राहत नाही, त्यातून नवी रसायनेही तयार होत राहतात.

लोक हा थर अंगावर घेऊन हिंडतात, याचा एक विलक्षण पुरावा जर्मनीतल्या माइन्झ शहरातल्या एका चित्रपटगृहातून आला. तिथे वर्षानुवर्षे धूम्रपानाला बंदी होती आणि वायुवीजनही उत्तम होते. तरी प्रेक्षक आत आले की हवेतली तंबाखूच्या धुराची रसायने एकदम वाढत. येल विद्यापीठाच्या ड्र्यू गेंटनर यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार, काही घातक वायूंच्या बाबतीत प्रेक्षकांना १ ते १० सिगारेटींच्या धुरात बसल्याइतका संपर्क होत होता. हे सगळे प्रेक्षकांच्या अंगावरून आणि कपड्यांवरून आले होते.

कपड्यांतून त्वचेत काही जाते का, हेही तपासले गेले आहे. तंबाखूच्या शेतात काम करणाऱ्यांना ओल्या पानांमुळे मळमळ, चक्कर, उलट्या होतात. दवाने भिजलेल्या कपड्यांतून निकोटीन त्वचेत उतरते, हे या आजारामुळे फार पूर्वीच कळले होते. निपाणीसारख्या तंबाखूच्या पट्ट्यातल्या वाचकांना पानाचा तो चिकटपणा ठाऊक असेल. सिगारेटच्या धुराबाबत रिव्हरसाइडच्याच गटाने २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्या १० निरोगी माणसांना धूर बसलेले कपडे ३ तास घालायला दिले आणि घाम यावा म्हणून अधूनमधून ट्रेडमिलवर चालायला लावले. त्यांच्या शरीरात पेशींच्या ऑक्सिडीकरणाच्या हानीची आणि त्वचेच्या दाहाची चिन्हे वाढलेली आढळली. दहा जणांचा प्रयोग छोटा असतो. त्यावरून अशा कपड्याने अमुक आजार होतो असे म्हणता येत नाही, आणि कोणी म्हणू नये. पण कपडे तोंडात घालणारी, जमिनीवर रांगणारी, मोठ्यांच्या छातीला नाक लावून झोपणारी बाळे ज्या घरात आहेत, तिथे मला एवढा पुरावा पुरेसा वाटतो. शर्टाचा वास झाकला गेला याने त्या बाळाला काही लाभ नाही. थर निघायला हवा.

इथे उपायांची विभागणी आपोआप होते. काही उपाय थर काढतात, काही वास पकडून ठेवतात आणि काही नुसता झाकतात. अत्तर, डिओ, सुगंधी फॅब्रिक कंडिशनर हे झाकणारे. कंडिशनरबद्दल तर तक्रारच करायला हवी. त्याचा मेणचट लेप धाग्यावर बसतो आणि खालचा टार आणखी पक्का बंद होतो. धुरकट कपडा पूर्ण स्वच्छ होईपर्यंत कंडिशनर बाटलीतच राहू द्यावे. डांबराच्या गोळ्यांचेही तेच. त्यांनी वास जात नाही, नॅफ्थलीनचा दुसरा वास चढतो. शिवाय ज्या बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या रक्तपेशी नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या नकोतच.

थर काढण्याचे मुख्य साधन पाणी आहे. हे इतके साधे आहे की कोणी त्याकडे वळत नाही. पण पाणी पुरेसे आणि वेळ पुरेसा द्यावा लागतो. मशीनचा पंधरा मिनिटांचा झटपट वॉश यासाठी निरुपयोगी. फ्रंट लोड मशीन पाणी बेताने वापरते, म्हणून एक जादा खळबळणी लावावी. हाताने धुताना आधी साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून ते पाणी ओतून द्यावे आणि मगच साबणाला हात लावावा. पिवळट पाणी ओतताना दिसते तेव्हा आत किती होते याची कल्पना येते. धुरकट कपडे इतर कपड्यांबरोबर एकाच बादलीत घालू नयेत. पाण्यात उतरलेले निकोटीन शेजारच्या स्वच्छ सुती कापडात जाऊ शकते, आणि लहान मुलांच्या कपड्यांबाबत हे विशेष पाळावे.

या पहिल्या भिजवणीत व्हिनेगर घालण्याचा सल्ला खरा आहे, आणि त्याचे कारणही भक्कम आहे. निकोटीन आणि पिरिडीन अल्कधर्मी आहेत. आम्ल मिळाले की त्यांचे क्षार होतात. ते क्षार पाण्यात विरघळतात आणि हवेत उडत नाहीत. बादलीभर पाण्याला एक कप पांढरे व्हिनेगर पुरते. मराठवाड्यात, सोलापूरकडे बोअरचे क्षाराचे पाणी असते. ते पाणी साबणही खाते आणि व्हिनेगरही, तेव्हा तिथे दीड-दोन कप घ्यावे. व्हिनेगर घरात नसेल तर लिंबूसत्त्व चालते. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळताना उडून जातो. रंग जाणाऱ्या कपड्याचा आतला कोपरा आधी भिजवून पाहावा.

टारचे मात्र व्हिनेगरने काही होत नाही. त्याला डिटर्जंट हवा, आणि सुती कपड्याला सोसेल तितके गरम पाणी हवे, ४० ते ६० अंशांचे. जाहिरातींत मिरवणाऱ्या एन्झाइमचा इथे फारसा उपयोग नाही. ती प्रथिने, पिष्ट पदार्थ आणि चरबी तोडतात, टार नव्हे. पांढऱ्या आणि पक्क्या रंगाच्या सुती कपड्यांसाठी ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर, चांगली मदत करते. क्लोरीनचे ब्लीच आणि व्हिनेगर हे कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

खाण्याच्या सोड्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. सोडा सौम्य अल्कधर्मी आहे. धुरातल्या आम्लधर्मी वासांना तो थोडा मारतो, निकोटीनला मात्र उलट मोकळे करतो. कोरड्या कोटावर भुरभुरून रात्रभर ठेवून झटकला तर काही वास तो शोषतो, इतकाच त्याचा उपयोग. व्हिनेगर आणि सोडा एकत्र घालावे, असा सल्ला फार पसरला आहे. बादलीत फेस उसळतो आणि काहीतरी जोरदार घडते आहे असे वाटते. घडते ते इतकेच, की आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात आणि उरते जवळजवळ निष्क्रिय असे खारट पाणी. व्हिनेगर आधी, ते पाणी ओतून झाल्यावर साबण, हाच क्रम योग्य.

कॉफीची पूड, वाळवलेल्या संत्र्याच्या साली, चहाच्या पिशव्या यांच्यावर मी वेळ घालवणार नाही. त्यांचा वास मोठा, काम नगण्य. सक्रिय कोळसा मात्र वेगळा. नारळाच्या करवंटीपासून तो बनवतात आणि त्याच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचे पृष्ठफळ १,००० चौरस मीटरच्या घरात जाते. बंद पेटीत कोट आणि कोळशाच्या पिशव्या काही दिवस ठेवल्या तर हवेत येणारा वास तो पकडत राहतो. शेगडीच्या कोळशाला ही ताकद नसते, वर काजळी लागते ती निराळीच.

न धुता येणाऱ्या कपड्यांचा प्रश्न अवघड आहे. लोकरीचा स्वेटर खरे तर धुता येतो: थंड किंवा कोमट पाणी, सौम्य साबण, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढणे. आपल्याकडचा रिठा इथे फार योग्य ठरतो. त्याचा फेस टार सैल करतो आणि त्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे लोकर आणि रेशीम यांना इजा होत नाही आणि निकोटीनही सुटायला मदत होते. धुण्याच्या सोड्याने भरलेली पावडर या दोन्ही धाग्यांचे नुकसान करते. पैठणी आणि जरीकाठाच्या साड्यांना मात्र घरी पाणी नको आणि व्हिनेगरची फवारणी तर अजिबात नको. आम्लाने जर काळी पडते. त्या साड्या सावलीत, वाऱ्यावर, घडी मोडून दोन-तीन दिवस पसरणे आणि मग चांगल्या ड्रायक्लीनरकडे देणे हाच मार्ग.

ड्रायक्लीनिंगचे द्रावक तेलकट टार छान विरघळवते. पाण्यात विरघळणारे निकोटीनचे क्षार त्यात तितके निघत नाहीत, म्हणून ड्रायक्लीन होऊन आलेल्या ब्लेझरला कधी कधी मंद वास उरतो. दुकानात देताना धुराचा कपडा आहे हे सांगावे, म्हणजे ते त्याला आधी वेगळी प्रक्रिया देऊ शकतात. घरी आल्यावर प्लास्टिकचे आवरण काढून कपडा दिवसभर हवेवर ठेवावा. अनेक ठिकाणी वापरले जाणारे पर्क्लोरोएथिलीन हे द्रावक स्वतःच निर्धोक नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर १० वर्षांत बंद करण्याचा नियम केला आहे. ओझोनची यंत्रे ऑनलाइन मिळतात. ओझोन वास तोडतो खरा, पण फुप्फुसांनाही जाळतो, इलॅस्टिक कुजवतो आणि निकोटीनशी प्रक्रिया होऊन नवी त्रासदायक संयुगे तयार होतात. राहत्या घरात ते यंत्र मला मान्य नाही.

ऊन आणि वारा यांचे काम खरे आहे, फक्त हळू. उष्णतेने निकोटीन लवकर उडते, वारा ते दूर नेतो. पावसाळ्यात दोन्ही मिळत नाहीत, आणि दमट हवेचे पाणी धाग्यांत शिरून अडकलेल्या वासाच्या रेणूंना बाहेर ढकलते. म्हणून मार्च महिन्यात ठीक वाटलेला शर्ट जुलैमध्ये अचानक वास मारू लागतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत धुरकट कपडे पावसाळ्याआधीच नीट धुऊन ठेवावेत.

शेवटचा अडथळा आपल्या नाकाचा आहे. चार्ल्स डुहिग यांनी ‘द पॉवर ऑफ हॅबिट’ या पुस्तकात फेब्रीझ या फवाऱ्याची जन्मकथा सांगितली आहे. सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या कडीसारख्या रेणूवर काम करणारा एक रसायनशास्त्रज्ञ सिगारेट ओढत असे. एक दिवस तो घरी गेला आणि बायकोने विचारले, सिगारेट सोडलीस की काय? त्याच्या कपड्यांवरचा वास त्या रेणूने आपल्या पोकळीत धरून ठेवला होता. धुराच्या वासासाठी म्हणून जाहिराती झाल्या, पण बाटल्या खपेनात. ज्यांच्या घरात वास होता, त्यांना तो येतच नव्हता. सतत एका वासात राहिले की मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो. असे फवारे वास पकडतात, थर काढत नाहीत. प्रवासात किंवा मुलाखतीआधी त्यांचा आधार घ्यायला हरकत नाही, मात्र त्यानंतर कपडा धुवायचा राहिलेलाच असतो.

त्यामुळे कपडा स्वच्छ झाला का, हे धूम्रपान करणाऱ्याने स्वतः ठरवू नये. कपडा पूर्ण वाळल्यावर स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही तास उबदार जागी ठेवावा. मग घरातल्या सिगारेट न ओढणाऱ्या कोणाला तरी, त्यांनी बाहेरून मोकळ्या हवेतून आल्याबरोबर, पिशवी उघडून काखेचा भाग, कॉलर आणि खिशाचे अस्तर हुंगायला सांगावे. राहिलेला वास बहुधा या तीन जागीच सापडतो. तो सापडला तर व्हिनेगरच्या पाण्यापासून पुन्हा सुरुवात करावी आणि तोवर इस्त्री फिरवू नये. अनेक वर्षे रोज वापरलेल्या जॅकेटला अशा तीन-चार फेऱ्या लागू शकतात. खांद्यातले पॅडिंग आणि फोमचे अस्तर असलेल्या कोटांत धूर इतका आत गेलेला असतो, की कधी कधी अस्तर उसवून नवे लावणे हे पुन्हा पुन्हा धुण्यापेक्षा स्वस्त पडते. कुठलाही चांगला शिंपी ते करून देतो.